अंड्यातली पालखी

वर्धेकाठचे कौंडण्यपूर घ्या, की वऱ्हाडातले दुसरे कोणतेही खेडे घ्या. वैशाखात घरोघर एक तक्रार असते. “कोंबडी खुडूक झाली, बारा अंडी खाली ठेवली, 21 दिवस वाट पाहिली, पण पिल्ले निघाली चारच!” मग कोणी कोंबडीला दोष देतो, कोणी नजरेला. खरा दोष पुष्कळदा वेळेचा असतो. तो कसा, ते पाहू.

फलित अंड्याच्या पिवळ्या बलकावर एक पांढरा ठिपका दिसतो. तोच गर्भ. अंडे कोंबडीच्या पोटात असते त्या सुमारे 25 तासांतच एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार, असे होत होत हजारो पेशी झालेल्या असतात. पुढे यांतल्या कोणी काळीज व्हायचे, कोणी मेंदू, कोणी पंख, हे ठरते कसे? शेजारच्या पेशींकडून रासायनिक निरोप येतात, त्यावरून. पण निरोप ऐकायला सवड नको का?

आपल्या कौंडण्यपुराहून रुक्मिणीमातेची पालखी आषाढीला पंढरपुरी जाते. वाटेने सारे एका ठेक्यात चालतात. पण उद्याची कामे वाटली जातात ती मुक्कामावर. पेशींचे असेच आहे.

आफ्रिकेतल्या एका बेडकाच्या अंड्यात हे स्वच्छ दिसते. पहिले विभाजन सोडले, तर पुढची विभाजने जवळजवळ एकदम, दर अर्ध्या तासाने होतात. अशा 12 विभाजनांनी 4096 पेशी होतात. तोवर सारे काम आईने अंड्यात भरून दिलेल्या शिदोरीवर चालते. मग ठेका मंदावतो आणि पेशी स्वतःची जनुके, म्हणजे आईबापांकडून आलेल्या सूचना, वाचू लागतात. न्यूपोर्ट आणि किर्श्नर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1982 साली हे दाखवून दिले.

मुक्कामातही केव्हा निरोप आला, याला महत्त्व आहे. केंब्रिजच्या पॉकलिन आणि व्हॅलिये यांनी 2013 साली माणसाच्या मूळ पेशींवर प्रयोग केले. विभाजन होऊन नुकतीच मोकळी झालेली पेशी आतडे-यकृताच्या वाटेला सहज लागते. थोड्या वेळाने तीच पेशी मज्जातंतूंच्या वाटेला वळते. पेशी तीच, घटका निराळी.

ऐकण्याची ही मुदत संपते, हे एडिंबरोचे वॉडिंग्टन यांनी फार पूर्वी ओळखले होते. त्यांच्याकडे शिकून आलेल्या डॉ. लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठात कोंबडीच्याच गर्भावर संशोधन केले. म्हणजे हा विषय काही परका नाही.

आता वैशाखाकडे येऊ. अंडे थंड जागी असले की विभाजन थांबते. गर्भ जणू मुक्कामाला बसतो. कोंबडीच्या उबेत सारे भाग पुन्हा मेळाने चालू लागतात. पण तापलेल्या घरात गर्भ धड थांबत नाही, धड चालतही नाही. काही भाग पुढे सरकतात, काही मागे राहतात. निरोप येतो तेव्हा ऐकणारा तयार नसतो, किंवा त्याची मुदत टळलेली असते. असा गर्भ अशक्त होतो, पुष्कळदा आतच मरतो.

म्हणून उन्हाळ्यात अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. ओल्या वाळूत अर्धे पुरलेले मडके सावलीत ठेवून त्यात ती ठेवा. तीन-चार दिवसांच्या आतली ताजी अंडीच रवणीला बसवा, आणि सारी एकाच दिवशी बसवा.

गुरुजींनी एक करावे. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे बॅटरी धरून मुलांना दाखवावे. तांबड्या शिरांचे कोळ्यासारखे जाळे दिसेल. ते ज्यात दिसले, त्या अंड्यातली पालखी वेळेवर निघाली असे समजावे.