वाद्य विजेचं असो, वाजवणारा जागा हवा

वरातीला डीजे लावायचा की वाजंत्री बोलवायची, हा वाद पूर्व विदर्भात अहेरी-आलापल्लीपासून वडसा-ब्रह्मपुरीपर्यंत लग्नसराईत हमखास निघतो. डीजेला नावं ठेवणारे बहुतेकदा विजेलाच दोषी धरतात. ढोल खरा आणि ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं विजेचं तालवाद्य, खोटं, असा त्यांचा निवाडा असतो. तो मला मान्य नाही. वादन जिवंत आहे की नाही, हे वाद्य कातड्याचं की प्लास्टिकचं यावर ठरत नाही. समोरच्या माणसांकडे पाहून पुढची मात्रा बदलण्याची मुभा वाजवणाऱ्याला आहे का, आणि चुकलं तर ते त्याच्या हातून चुकणार आहे का, यावर ते ठरतं.

अहेरी-भामरागडकडच्या माडिया-गोंडांचा रेला नाच घ्या. हातात हात गुंफून नाचणारी रांग आणि ढोल वाजवणारे एकमेकांना धरून असतात. पावलं रेंगाळली तर ढोल सावरून घेतो, नाचाला रंग चढला तर लय चढते. गाणं एकानं उचलायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं असल्यानं ते किती वेळ चालेल हे आधी ठरलेलं नसतं. त्याच चालीचं डीजे-मिश्रण पेन ड्राइव्हवरून वाजलं की लय आणि लांबी दोन्ही आधीच ठरलेली असतात. माणसांनी यंत्राशी जुळवून घ्यायचं, यंत्र माणसांशी जुळवून घेत नाही.

पण म्हणून विजेचं वाद्य निर्जीव ठरत नाही. याचा पुरावा झाडीपट्टी रंगभूमीवर आहे. दिवाळीनंतर वडशाच्या कंपन्या गावोगाव रात्रभर नाटकं करतात. तिथे ऑर्गन आणि तबल्याच्या जोडीला ऑक्टोपॅड असतो. त्यातले आवाज आधी साठवलेले असतात, हे खरं. पण काठी कधी आणि किती जोरात पडेल, हे वादकाच्या हातात असतं. नटानं वाक्य लांबवलं तर तो थांबतो, प्रवेश चढला तर ठोका वाढवतो. नागपूरकडच्या धुमाल पार्ट्याही गाडीवर कीबोर्ड आणि पॅड मांडून असंच वाजवतात. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी तर 1982 साली ताल आणि खर्जातली साथ यंत्रांवर सोपवून सिंथेसायझरवर दहा राग वाजवले. यंत्राच्या न बदलणाऱ्या ठोक्यावरही बोटांना बोलायला जागा उरते, हे त्या ध्वनिमुद्रिकेत ऐकू येतं.

यावर कुणी म्हणेल, डीजेसुद्धा गर्दी ओळखतोच की. बरोबर आहे. दोन गाण्यांची लय जुळवून, माणसं पाहून पुढचं गाणं निवडणारा डीजे त्या मर्यादेत कलावंतच आहे. माझा आक्षेप तयार फाइल लावून बाजूला उभं राहणाऱ्यावर आहे. उलट बाजूनं पाहिलं तर वरातीपुढे तीच चार गाणी मान वर न करता वाजवणारा बँडही या कसोटीवर उतरत नाही. हातात क्लॅरिनेट आहे एवढ्यानं त्याला सूट मिळू नये.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो वजनदार आहे. डीजेला दोन-तीन माणसं पुरतात, वाजंत्र्यांचा ताफा मोठा असतो. हातावर पोट असलेल्या घराला हा हिशेब टाळता येत नाही. पण भिंतीएवढे स्पीकर ही गरज नसते, तो डामडौल असतो. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी आवाजाची मर्यादा 2000 सालच्या नियमांनी घातलेली आहे. ती लक्षात घेता भिंतीएवढ्या स्पीकरचा हट्ट सोडावा; वरातीला गावातले दोन ढोल, किंवा एक कीबोर्ड आणि एक पॅड, पुरेसे आहेत. असा छोटा ताफा परवडतो आणि पैसाही गावातच राहतो.

म्हणून सुपारी देताना स्पीकर किती, हे विचारण्याआधी वाजवणार कोण, हे विचारावं. माडिया पोरानं ढोल सोडून पॅड हातात घेतला तर परंपरा बुडत नाही. पोरांनी वाजवणंच सोडलं, तर मात्र ती बुडेल.