शिखरावरून बिनतारी संवाद

भातकुलीचा मुलूख सपाट आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील ही काळी जमीन दूरवर पसरलेली असून नजर अडवील असा डोंगर जवळपास नाही. अशा ठिकाणाहून बिनतारी लहरी विनासायास दूर जात असतील, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तसे घडत नाही. हातात मावणाऱ्या संचातून निघणाऱ्या, सुमारे दोन मीटर लांबीच्या लहरी प्रकाशाप्रमाणे बहुतांशी सरळ जातात. पृथ्वी मात्र गोल आहे. काही अंतरावर जमिनीची वक्रताच भिंतीसारखी आड येते. संचाची शक्ती वाढवूनही ही भिंत हटत नाही. हटवते ती उंची.

याचा हिशेब सोपा आहे. एरियलची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे व त्यास चारने गुणावे. लहरी किती किलोमीटर जातील याचा अंदाज मिळतो. नऊ मीटरांच्या काठीवरून त्या सुमारे १२ किलोमीटर जातात. आता गाविलगडच्या रांगेतील वैराट हे चिखलदऱ्याजवळचे शिखर घेऊ. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १,१७८ मीटर असून वऱ्हाडच्या मैदानाहून ते सुमारे ९०० मीटर उंच आहे. तेथून हेच अंतर १२० किलोमीटर होते. अर्थात मध्ये दुसरा कडा आडवा नसावा.

म्हणूनच हौशी रेडिओचालकांस शिखरांची ओढ असते. हौशी रेडिओ म्हणजे व्यापारासाठी नव्हे, तर शिकण्यासाठी व परस्परांशी बोलण्यासाठी चालविलेले बिनतारी केंद्र होय. भारतात त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते. किमान वय केवळ बारा वर्षे आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते! परवाना मिळाला की 'व्ही यू' या अक्षरांनी आरंभ होणारे संकेतनाम मिळते.

शिखरावरून बोलण्याच्या या छंदास इंग्लंडमध्ये २००२ साली नियमांची चौकट मिळाली. संच व बॅटरी स्वतः वाहून न्यावी, मोटारीत बसून बोलू नये, आणि गुण हवे असल्यास निदान चार केंद्रांशी संपर्क साधावा, असे ते नियम आहेत. माथ्यावर पोचलेला चालक प्रथम एरियल उभारतो. दूरदेशी बोलावयाचे असल्यास तो वीस मीटर लांबीच्या लहरी वापरतो. या लहरी वातावरणाच्या वरच्या, विद्युद्भारित थरावरून परततात, त्यामुळे क्षितिजापलीकडेही पोचतात. त्यासाठी काठीला किंवा झाडाला बांधलेली दहा मीटर तार पुरते. मार्कोनीने १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधील सिग्नल हिल या टेकडीवर अटलांटिकपारचा संदेश ऐकला, तेव्हा त्याचे एरियल पतंगाने उचलून धरले होते.

त्यानंतर 'सी क्यू, सी क्यू' अशी हाक जाते. 'कोणीही ऐकत असाल तर उत्तर द्या', असा तिचा अर्थ. उत्तर येताच संकेतनाम, वेळ व आवाजाची प्रत वहीत नोंदली जाते.

मात्र शिखर म्हणजे खेळाचे मैदान नव्हे. ढग गडगडू लागले की उंचावरची धातूची काठी विजेला निमंत्रण देते. अशा वेळी विलंब न लावता खाली उतरावे. शिवाय मेळघाट हे १९७४ पासून व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र आहे. तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही.

पाठीवर नेता येतील अशा या साधनांची कसोटी एकदा सागरतीरी लागली. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद व त्यांचे सहकारी अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे केवळ हौसेने केंद्र चालवीत होते. २६ तारखेस भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या व दूरध्वनी बंद पडले. तेव्हा याच लहान संचांवरून बेपत्ता माणसांची चौकशी व आप्तांचे निरोप मुख्य भूमीशी पोचविले गेले.