गिऱ्हाईक पासष्टीपुढचं

सकाळी सात. फ्लेक्सचं दुकान उघडण्याआधी कन्नडच्या बसस्थानकावर थांबतो. माझ्या कामाची निम्मी माहिती इथंच उतरते. पासष्टीपुढच्यांना अर्धं तिकीट होतंच. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली, मार्च २०२३ पासून बायकांनाही निम्मं भाडं. आता पिशोर-नागदकडची म्हातारी माणसं मुलाच्या मोटरसायकलची वाट बघत नाहीत. स्वतः येतात, दुकानही स्वतः निवडतात. आमचे दुकानदार मात्र अजून बोर्डावर मुलाशीच बोलतात.

उतरणारा माणूस वर बघत नाही, पायरी बघतो. मग टेकायला जागा शोधतो. बोर्ड लावायचा तो त्या टेकण्याच्या जागेसमोर, बसल्या नजरेच्या उंचीवर.

साडेनऊ. चष्म्याच्या दुकानाचं मॅटर आलंय. ‘आई-वडिलांची काळजी, आमची जबाबदारी’, शेजारी कुठल्या तरी परक्या देशातलं हसरं गोरं जोडपं, आणि निळ्यावर जांभळी अक्षरं. मोतीबिंदू चढत असला की निळं-जांभळं एकमेकांत मिसळतं. म्हणजे ज्याला डोळे दाखवायचेत त्यालाच हे दिसणार नाही. मालकाला फोन लावला. दुकान कितव्या मजल्यावर? तपासणीचे किती? फ्रेम जुनी ठेवून काच बदलून मिळते का? तो वैतागला, पण उत्तरं दिली. तीच पिवळ्यावर काळ्यानं मांडली. सगळ्यात मोठी ओळ: तळमजला, जिना नाही. गोरं जोडपं काढून टाकलं.

साडेअकरा. काठ्या, वॉकर, कंबरेचे पट्टे विकणारा आला. त्याला मुख्यमंत्र्यांचा फोटो आणि ‘वयोश्री’ ही अक्षरं मोठी हवीत. म्हटलं, भाऊ, या योजनेत पासष्टीपुढच्या पात्र माणसाच्या खात्यात सरकार एकदाच तीन हजार रुपये टाकतं. वस्तू कुठून घ्यायची ते त्यानं ठरवायचं. तुझं दुकान सरकारनं नेमलेलं नाही. वस्तूंची यादी, किमती आणि ‘पक्की पावती मिळेल’ एवढंच लिही. त्याला ते बेचव वाटलं.

यादीचा क्रमही जपावा लागतो. कमोडची खुर्ची वर लिहिली की माणूस त्या दुकानाच्या पायरीवर उभा राहायलाही लाजतो, म्हणून ती मधे. काठीचं तर विचारूच नका. भर उन्हाळ्यात छत्री टेकत येणारे एक नाना आहेत. पायाचं विचारलं तर म्हणतात, ‘पावसाचा काय भरोसा, बाप्पा!’ त्यांना काठी विकायची तर बोर्डावर ‘आधार’ लिहून चालत नाही. ‘शेतात जाताना’ लिहिलं तर कदाचित हातात तरी घेतील.

एक वाजता डबा.

दोन. गुडघ्याच्या तेलवाल्याला ‘शुगर मुळापासून बरी’ छापून हवंय. मधुमेह, मोतीबिंदू, बहिरेपणा बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४च्या कायद्यानं बंदी आहे. नाही म्हटलं. घाट उतरून चाळीसगावात छापून आणीन म्हणाला. आणेलही. दुखणाऱ्या माणसाला आशा विकणं हा या धंद्यातला सगळ्यात सोपा माल.

चार. श्रवणयंत्राच्या शिबिरासाठी रिक्षावर लावायच्या भोंग्याचं रेकॉर्डिंग. तयार मिळणारा मुलीचा किनरा, घाईचा आवाज इथं कुचकामी, कारण वयानं ऐकू येणं कमी होतं ते आधी वरच्या पट्टीचं. म्हणून निवृत्त गुरुजी, खर्जातले, सावकाश. तारीख दोनदा, जागा तीनदा. मजकुरात ‘आजी-आजोबांनो’ होतं. गुरुजींनी कागद बाजूला ठेवला. ‘मला कोणी दुकानातनं आजोबा म्हणून हाक मारली तर मी आत जाणार नाही. मंडळी म्हणतो.’ मंडळी झालं. मागचं संगीतही काढलं.

सात. चष्मेवाल्याच्या मुलाचा पुण्याहून फोन. प्रूफ त्यानं मोबाईलवर पाहिलं: ‘बोर्ड जुनाट वाटतो, ब्रँड कुठंय?’ अथश्रीसारख्या ज्येष्ठांच्या वसाहतींची गुळगुळीत पत्रकं त्यानं पाहिली आहेत. तिथलं गिऱ्हाईक पेन्शनीतलं, पत्रक घरी नेऊन वाचणारं. इथल्या कित्येकांच्या हातात श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार, आणि परतीची गाडी पाचला. बरंच बोललो. लोगो खाली कोपऱ्यात बसवला. तळमजल्याची ओळ हलवली नाही.