नागपूरच्या हवेंत बॅडमिंटनचें फूल

बॅडमिंटन खेळणाऱ्या एखाद्या गृहस्थापाशीं खेळाच्या साहित्याची गोष्ट काढली, तर तो बहुधा रॅकेटविषयींच बोलूं लागतो. ती किती हलकी आहे, तिच्या तारा किती ताणलेल्या आहेत, मुठीला काय गुंडाळलें आहे, याची चर्चा तो तासभर करील. फूल मात्र दुकानदार देईल तें घेऊन येतो. वस्तुतः रॅकेट दोन-तीन वर्षांतून एकदां घ्यावी लागते आणि फूल दर आठवड्यास लागतें. शिवाय खेळ कसा होणार हें पुष्कळ अंशीं फुलावरच अवलंबून असतें. नागपुरांत तर विशेषच. येथें मे महिन्यांत दुपारचा पारा ४५ अंशांच्या घरांत जातो आणि डिसेंबर-जानेवारींतल्या पहांटे तोच १० अंशांच्या आसपास उतरतो. एकच फूल या दोन्ही ऋतूंत सारखें उडावें अशी अपेक्षा धरणें म्हणजे एकाच पांघरुणावर बारा महिने काढूं पाहण्यासारखें आहे.

हें मला आधीं ठाऊक नव्हतें, आणि त्याचा त्रास माझ्या पुतणीस भोगावा लागला. ती त्या वेळीं बारा वर्षांची होती. जूनच्या आरंभीं एका दुकानांत फुलांचे डबे सवलतीनें विकावयास काढले होते. मीं एकदम दहा डबे उचलले. दर डब्यांत बारा फुलें. प्रत्येक डब्याच्या झांकणावर ७५ हा आंकडा होता. तो मालाचा क्रमांक असावा असें मी समजलों. दिवाळीनंतर मुलगी रोज पहांटे सहा वाजतां सरावास जाऊं लागली. मागच्या रेषेपर्यंत फूल पोंचवण्याचा जो उंच फटका असतो, तो तिचा कधींच पुरा जाईना. आम्ही वडील माणसें बाजूला उभीं राहून ‘जोर लाव, जोर लाव’ म्हणत होतों. जानेवारीच्या अखेरीस तिचा खांदा दुखूं लागला व डॉक्टरांनीं तीन आठवडे रॅकेटला हात लावूं नये असें सांगितलें. पुढें एका जुन्या खेळाडूनें सहज म्हणून त्यांतलें एक फूल टोलावून पाहिलें. तें त्याच्यासारख्याच्या हातूनहि मागच्या रेषेच्या जवळजवळ २ मीटर अलीकडे पडलें. तेव्हां त्यानें झांकण वाचलें आणि माझ्याकडे पाहिलें. मुलीच्या दंडांत कांहींच उणें नव्हतें.

तो आंकडा म्हणजे फुलाची गति. तो ग्रेन या जुन्या इंग्रजी वजनावरून आला आहे. १ ग्रेन म्हणजे सुमारें ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मा. जुन्या नियमांत फुलाचें वजन ७३ ते ८५ ग्रेन असावें असें होतें. आजचा नियम तेंच ४.७४ ते ५.५० ग्रॅम असें सांगतो. ७५ म्हणजे मंद, ७७ म्हणजे मध्यम, ७९ म्हणजे जलद. कांहीं कारखानदार याऐवजीं १ ते ५ असे आंकडे घालतात. त्यांतहि लहान आंकडा मंद फुलाचा. अर्ध्या गुंजेच्या फरकानें काय होणार असें वाटेल. पण एका आंकड्यामागें फूल सुमारें एक फूट अलीकडे किंवा पलीकडे पडतें.

याचें कारण हवेंत आहे. चेंडू आणि फूल यांच्यांत मोठा भेद हा कीं, फुलाचा पिसांचा घेर हवा अडवण्याकरितांच केलेला असतो. सात्विकसाईराज रंकीरेड्डी यानें २०२३ सालीं मारलेल्या फटक्याचा वेग ताशीं ५६५ किलोमीटर नोंदला गेला. पण हेंच फूल नुसतें उंचावरून सोडलें तर ताशीं सुमारें २४ किलोमीटरपेक्षां अधिक वेगानें तें खालीं येत नाहीं. हवा इतकी अडवते. आतां हवा तापली कीं विरळ होते. १५ अंशांवरची हवा ४५ अंशांपर्यंत तापली, तर तेवढ्याच जागेंत ती नऊ-दहा टक्क्यांनीं कमी भरते. अडवणारी हवाच कमी झाल्यावर फूल पलीकडे निसटणार हें उघड आहे. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचाहि परिणाम असाच होतो. नागपूर सुमारें ३१० मीटर उंचीवर आहे व पुणें सुमारें ५६० मीटर; म्हणून तेवढ्याच उष्णतेंत मुंबईपेक्षां नागपुरास व नागपुरापेक्षां पुण्यास फूल किंचित् लांब जातें. ज्या पुण्याच्या छावणींत इंग्रज अधिकाऱ्यांनीं १८७० च्या सुमारास हा खेळ खेळला आणि ज्याचें नांवच कांहीं काळ या खेळाला मिळालें होतें, तेथेंहि ही अडचण आली असेलच. हवामानामुळें किंवा उंचीमुळें नेहमींचें फूल चालेनासें झालें, तर राष्ट्रीय संघटनेच्या संमतीनें त्यांत फेरफार करण्याची मुभा नियमांनीं ठेविली आहे.

फूल योग्य आहे कीं नाहीं हें पाहण्याची रीत सोपी आहे, आणि ती करण्याचा संकोच कोणीं बाळगूं नये. मागच्या रेषेवर उभें राहून, हात खालून वर नेत, बाजूच्या रेषेशीं समांतर, पूर्ण जोरानें फूल वर टोलवावें. योग्य गतीचें फूल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ सेंटीमीटरपासून ९९ सेंटीमीटरपर्यंत अलीकडे पडतें. याच्याहि अलीकडे पडलें तर मंद, पलीकडे गेलें तर जलद. मात्र ही परीक्षा चांगला हात असलेल्या प्रौढ खेळाडूकडून करवावी. मुलाकडून करवली तर आपण फुलाची नव्हे, मुलाच्या ताकदीची परीक्षा घेत असतों. माझी चूक हीच होती.

नागपूरचें वर्ष या हिशेबानें कसें लावावें? मार्चच्या अखेरपासून पाऊस पडेपर्यंत ७५ घ्यावें. उन्हाळ्यांत रात्रीं नऊ वाजतांहि बंद सभागृह तापलेलेंच असतें. पावसाळ्यांत व दिवाळीपर्यंत ७६ पुरतें. त्यापुढें फेब्रुवारीपर्यंत संध्याकाळच्या खेळास ७७ आणि कडाक्याच्या थंडींत पहांटे खेळणाऱ्यास ७८. सभागृहांत कूलर लावलेले असतील तर एक आंकडा वर चढावा लागेल. पण कूलरचा झोत पटांगणावर येत असेल तर कोणतेंच फूल सरळ जाणार नाहीं, आधीं कूलरचें तोंड फिरवावें. आणि वर्षभराचा सांठा एकदम करूं नये. सवलत कितीहि मोठी असो.

पिसांचें फूल घ्यावें कीं प्लास्टिकचें, हा दुसरा प्रश्न. पिसांच्या फुलाला बदकाचीं किंवा हंसजातीच्या पक्ष्याचीं १६ पिसें असतात, तीं सर्व एकाच बाजूच्या पंखाचीं. त्यामुळें फूल उडतांना एकाच दिशेनें गिरक्या घेतें. तें वेगानें निघतें आणि शेवटीं एकदम दमून जवळजवळ सरळ खालीं येतें. प्लास्टिकचें फूल तसें दमत नाहीं, म्हणून त्याच्यावर वाढलेला मुलगा सभागृहांत गेला कीं प्रथम प्रत्येक फुलाखालीं चुकीच्या जागीं उभा राहतो. तरी अंगणांत, गच्चीवर, शनिवार-रविवारीं खेळणाऱ्या कुटुंबानें पिसांवर पैसे घालूं नयेत असेंच माझें मत आहे. पिसांच्या किमती गेल्या कांहीं वर्षांत फार चढल्या आहेत व एखादें फूल दोन डावहि टिकत नाहीं. प्लास्टिकच्या फुलाच्या बुचावरची पट्टी पाहून घ्यावी: हिरवी मंद, निळी मध्यम, तांबडी जलद. नागपूरकरानें उन्हाळ्यांत हिरवी, हिवाळ्यांत निळी घ्यावी. तांबडी येथें क्वचितच लागेल. उघड्यावर वारा असेल तर कोणत्याहि फुलाचा कांहीं उपाय नाहीं. तंजावराकडील लोकांनीं हें ओळखून पिवळ्या लोकरीच्या चेंडूनें खेळावयाचें बॅडमिंटनच रूढ केलें, तें दक्षिणेंत अजून खेळलें जातें.

ज्यांच्या घरीं मूल शिकवणीस जातें, त्यांनीं मात्र पिसांचेंच फूल घ्यावें. नागपूरचीच मालविका बनसोड हिनें जानेवारी २०२२ मध्यें दिल्लीस सायना नेहवालला हरविल्यापासून आमच्याकडे अशा मुलांची, विशेषतः मुलींची, संख्या वाढलेली दिसते. डबा घेतांना पिसांचा शुभ्रपणा पाहून भुलूं नये. पिसाचा कणा सरळ आहे कीं नाहीं, दोऱ्याचे वेढे पक्के आहेत कीं नाहीं आणि बूच बोटानें दाबल्यास टणक लागतें कीं नाहीं, एवढें पाहावें.

नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यांत पिसें ठिसूळ होतात व दुसऱ्याच फटक्याला तुटतात. यावर जुन्या खेळाडूंचा तोडगा असा: आदल्या रात्रीं डब्याचें पिसांकडील झांकण काढून उकळत्या पाण्याच्या वाफेवर कांहीं क्षण धरावा, लगेच झांकण लावून उभा ठेवावा व सकाळीं वापरावा. वाफ बुचाला लागूं देऊं नये, आणि पिसें भिजूंहि नयेत; भिजलेलें फूल जड होतें. मे महिन्यांत डबा मोटारींत ठेवून दिवसभर कचेरींत बसणाऱ्यांना हा तोडगाहि उपयोगी पडणार नाहीं. फूल फारच जलद वाटलें तर कांहीं जण पिसांचीं टोंकें बाहेर वांकवतात. घेर वाढून तें मंदावतें खरें, पण त्याचें उडणें बिघडतें. सरावापुरतें चालेल.

पुतणीचा खांदा बरा झाल्यावर फेब्रुवारीच्या अखेरीस तिला ७७ चीं फुलें आणून दिलीं. पहिल्याच दिवशीं तिचे दोन-तीन फटके मागच्या रेषेबाहेर गेले, कारण जोर लावण्याची संवय लागली होती. ती मोडण्यास महिना गेला. माझ्या सवलतीच्या दहा डब्यांपैकीं चार उरले होते. ते मीं फेकले नाहींत. एप्रिलांत वाफ देऊन त्यांतलें एक फूल त्याच जुन्या खेळाडूकडून टोलावून घेतलें, तें रेषेच्या बरोबर दोन-अडीच फूट अलीकडे पडलें.