मन्याचे पथ्य

आमच्या घरात मधुमेहाचे पेशंट दोन. एक आमच्या मातोश्री, वय ७४, आणि दुसरा मन्या बोका, वय ९. मातोश्रींचे पथ्य साऱ्या चाळीला ठाऊक आहे. मन्याचे सांगितले की लोक हसतात. "मांजराला कुठे शुगर होते का हो?" असे शेजारच्या काकूंनी विचारले, तेव्हा आम्हालाही उत्तर देता आले नव्हते.

गोष्ट २०२३ च्या पावसाळ्यातली. मन्या सारखा मोरीतल्या बादलीशी जाऊन पाणी पिऊ लागला. त्याचा रेतीचा ट्रे संध्याकाळपर्यंत ओलाचिंब. खायचा पूर्वीपेक्षा जास्त, तरी पाठीचा कणा हाताला लागू लागला. एके दिवशी तो पंज्यांवर न चालता मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकवून चालताना दिसला. मुलगी म्हणाली, "पप्पा, हा आजीसारखा चालतोय." आम्ही हाफ डे टाकला आणि त्याला पिशवीत घालून परळला नेले. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट इस्पितळ एकोणिसाव्या शतकातले, पण गिरणगावात त्याला 'बैलघोड्यांचे इस्पितळ' म्हणूनच विचारावे लागते.

मन्याची साखर निघाली ४१०. भीतीनेही मांजराची साखर तीनशेपर्यंत चढते, म्हणून डॉक्टरांनी लघवीही तपासली. तिच्यातही साखर होती. दर बारा तासांनी इन्सुलिन सुरू झाले. डोस आम्ही मुद्दाम लिहीत नाही. तो ज्याच्या त्याच्या जनावराचा असतो.

पथ्याच्या बाबतीत मात्र आमचे डोके चालले, आणि तिथेच चुकलो. आईला भाकरी चालते, भात नाही. मग मन्यालाही दूध-भाताऐवजी ज्वारीची भाकरी कुस्करून देऊ लागलो. दहा दिवसांनी साखर तेवढीच. डॉक्टर म्हणाले, "अहो, मांजर शुद्ध मांसाहारी प्राणी. त्याला भात काय नि भाकरी काय, सारखेच." मांजराच्या लाळेत पिष्ट पचवणारा रस जवळजवळ नसतो आणि त्याचे यकृत साखर बनवते ती मांसातल्या प्रथिनांपासून. मांजराला गोड चव कळतही नाही, हे शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये सिद्ध केले. तेव्हा काकूंना उत्तर असे, की मन्याने साखर चाटली नव्हती. आम्हीच त्याला भात, बिस्किटे आणि कोरडे दाणे घालून साडेसहा किलोचा केला होता. नसबंदी केलेला, घरात बसून राहणारा, वजनदार बोका, हे तर या आजाराचे नेहमीचे गिऱ्हाईक.

कोरड्या दाण्यांच्या पाकिटावर पिष्टाचा आकडा छापलेला नसतो. पण आम्ही बी.कॉम. माणूस, वजाबाकी येते. प्रथिने ३२, चरबी १०, चोथा ४, पाणी १०, राख सुमारे ८, बेरीज ६४. शंभरातून वजा केले की उरले ३६, ते पिष्ट. पाणी सोडून हिशेब केला तर रुपयात चाळीस पैसे! ओल्या पाऊचचा तोच हिशेब दहा पैशांच्या आसपास आला. पाऊच रोज परवडेना, म्हणून उकडलेले कोंबडीचे मांस, अंडे आणि काटे काढलेली स्वस्त मासळी असे ठरले. कांदा-लसूण अजिबात नाही, ते मांजराला विष आहे. नुसत्या उकडलेल्या मांसात कॅल्शियम कमी पडते, आणि टॉरिन नावाचे द्रव्य पाण्यात उतरते. ते कमी पडले तर मांजराचे डोळे आणि हृदय खराब होते. म्हणून उकडलेले पाणी फेकायचे नाही, आणि डॉक्टरांनी दिलेली पूड रोज मिसळायची.

दुसरी चूक याहून मोठी. आम्ही एका रविवारी भाकरी एकदम बंद केली आणि डॉक्टरांना कळवले नाही. पिष्ट गेले, पण इन्सुलिन तेवढेच राहिले. बुधवारी चार वाजता मन्या दारूड्यासारखा झोकांड्या खाऊ लागला. आम्ही ऑफिसात. मुलीने साखरेचा पाक बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळला आणि रिक्षा केली. तो शुद्धीवर होता म्हणून बरे. बेशुद्ध जनावराच्या घशात काही ओतले तर ते श्वासनलिकेत जाते. त्या दिवशी आम्ही खूप बोलणी खाल्ली आणि डोस निम्मा झाला.

आणखी एक. वजन उतरावे म्हणून मांजराला उपाशी ठेवू नये. लठ्ठ मांजर काही दिवस जेवले नाही तर यकृतात चरबी साचून दगावते. मन्याचे वजन आम्ही भंगारवाल्याच्या काट्यावर करतो, आठवड्याला पन्नास-साठ ग्रॅम उतरले की पुरे.

साडेचार महिन्यांनी डॉक्टरांनी इन्सुलिन थांबवले. सगळ्याच मांजरांचे असे होत नाही. लवकर सुरुवात झाली तर संधी जास्त. आजार परत येऊ शकतो, म्हणून कानाच्या कडेला टोचून आईच्याच मशीनवर साखर बघतो. माणसाचे मशीन मांजराला थोडा कमी आकडा दाखवते, तेवढे लक्षात ठेवायचे. गेल्या रविवारी मन्याची ११२ आली आणि आईची १६८. तेव्हापासून आई त्याच्याशी बोलत नाही.