रयतेची पहिली कबुलायत

राज्यसंस्थेच्या उगमाचा प्रश्न निघाला की आपली पाठ्यपुस्तके इंग्लंडातील यादवीच्या छायेत लिहिलेल्या हॉब्जच्या १६५१ सालच्या ‘लेव्हायथन’कडे वळतात, परंतु भयग्रस्त माणसांनी आपखुशीने एकाच्या हाती दंड सोपविला, ही कल्पना आपल्या प्राचीन ग्रंथांत त्याच्या कितीतरी शतके आधी आढळते, आणि तीही वसुलीच्या दरासकट.

शांतिपर्वातील मनू राजपद पत्करण्यास प्रथम साफ नकार देतो. असत्याचरणी लोकांवर राज्य करण्यातल्या पापाचे त्याला भय वाटते. तेव्हा पाप करणाऱ्याच्याच माथी राहील अशी हमी देऊन प्रजा त्याला पशूंचा व सुवर्णाचा पन्नासावा आणि धान्याचा दहावा भाग कबूल करते. दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तात गोष्ट साठवणुकीपासून सुरू होते: आपोआप पिकणारी साळ लोक घरात भरू लागतात, मग शेतांना बांध पडतात, बांधांमागून चोरी, खोटेपणा व मारहाण येते, आणि अपराध्याला शासन करण्यासाठी निवडलेल्या ‘महासंमता’ला साळीचा हिस्सा लावून दिला जातो. हा राजा देवाचा अंश नव्हे, लोकांनी नेमलेला माणूस आहे, म्हणून मला ही कथा अधिक रोखठोक वाटते.

खरी मौज कौटिल्याकडे आहे. मोठा मासा लहानाला गिळतो त्या मात्स्यन्यायाने गांजलेल्या प्रजेने वैवस्वत मनूला राजा केले आणि धान्याचा सहावा व विक्रीच्या मालाचा दहावा भाग नेमून दिला, ही कथा अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात येते खरी, पण ती सांगतो कोण? राजाचा हेर! तीर्थक्षेत्री, सभेत, जमावात दोन हेरांनी लटका वाद घालावा, एकाने दंड व कर यांनी प्रजेला पिळणाऱ्या राजाची निंदा करावी आणि दुसऱ्याने ही उत्पत्तिकथा ऐकवून त्याचे तोंड बंद करावे, अशी ही योजना. शिवाय राजा म्हणजे इंद्र आणि यम यांचे स्थान, त्याचा अवमान करणाऱ्यास दैवी दंडही होतो, असे तोच हेर त्याच भाषणात बजावतो. तेव्हा करारवाद आणि दैवी उत्पत्तिवाद यांचे वेगवेगळे खण पाडणाऱ्या आधुनिक अभ्यासकांनी या हेराला कोठे बसवावे? जर्मन समाजशास्त्रज्ञ ओपेनहाइमर याने १९०८ मध्ये राज्याचे मूळ जेत्यांच्या बळजबरीत शोधले. करार ही बाजारगप्पांतून पसरविण्याची गोष्ट आहे, हे जाणणाऱ्या कौटिल्याला त्यात फारसे नवल वाटले नसते.

एवढ्यानेही जे असंतुष्ट राहतील त्यांना साम व दान यांनी वळवावे, असे तोच अध्याय पुढे सांगतो. आणि तरीही जे वळणार नाहीत त्यांना दंड व कर यांच्या वसुलीवर नेमावे, म्हणजे मुलखाचा रोष आपसूक त्यांच्यावरच ओढवेल.