कारखान्यातला अपघात आणि घरातली फाइल

भगिनींनो, पहाटेच्या पाळीला निघालेल्या यजमानांच्या हाती डबा देताना अभद्र बोलू नये, हे खरेच. पण रोहे-नागोठण्याकडच्या घरांनी थोडा विचार आधीच करून ठेवलेला बरा. नागोठण्याच्या तेव्हाच्या आय.पी.सी.एल. कारखान्यात 5 नोव्हेंबर 1990 रोजी वायुगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे दगावली.

असे काही घडले की घरात रडारड चालू असते. कुणीतरी पाकीट पुढे करून म्हणते, "वहिनी, इथे सही करा, बाकीचे आम्ही बघतो." तिथेच थांबा! न वाचलेल्या कागदावर सही करू नका. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर घरी देऊन भागत नाही. ती कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे भरावी लागते.

भरपाई किती? हिशेब वाणसामानाच्या यादीइतकाच सोपा. महिन्याच्या पगाराच्या निम्म्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. पस्तिशीच्या माणसाचा आकडा 197.06. पगार 12,000 धरला, तर 6,000 गुणिले 197.06, म्हणजे 11,82,360 रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर निम्म्याऐवजी शेकडा 60 धरतात. पगारातून ई.एस.आय. कापला जात असेल, तर मात्र मालकाऐवजी ते महामंडळ दरमहा पैसे देते.

"तो कंत्राटदाराचा माणूस, आमचा नव्हे," असे सांगतील. पण कंपनीच्या कामावर कंत्राटदाराने आणलेल्या माणसाची जबाबदारी कंपनीवरही असते. "हेल्मेट घातले नव्हते, चूक त्याचीच," ही सबब मृत्यूच्या बाबतीत चालत नाही.

1923 चा जुना भरपाई कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. मुदत मात्र तीच, दोन वर्षांची. दुःखात दिवस कसे सरतात ते कळत नाही, म्हणून ही मुदत पक्की लक्षात ठेवा.

आजच एक फाइल करा. नेमणूकपत्र, पगाराची चिठ्ठी, गेटपासची झेरॉक्स, ई.एस.आय. क्रमांक, कंत्राटदाराचे नाव-पत्ता, सगळे तिच्यात ठेवा. अपघात झालाच, तर पंचनाम्याची प्रत आणि दवाखान्याचे कागद त्यात घाला. वकिलाच्या फीची धास्ती नको. अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रीला, घरचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.

फाइल कपाटात असू द्या. ती उघडायची वेळ कुणावरही न येवो!